अक्षयनीवी, वसीयत आणि मास्तरांची पासबुके

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरी पाहायला येणारी गर्दी यातल्या फार थोड्या लेण्यांकडे फिरकते. लेण्याद्रीला गणपतीमुळे लोक जातात, मानमोडीच्या डोंगरात मात्र बहुतेक वेळा शुकशुकाट असतो. याच डोंगरातल्या भीमाशंकर गटात एक ब्राह्मी लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने शेहेचाळिसाव्या वर्षी मंडप आणि पाण्याचे टाके दिले, एवढाच त्याचा आशय. जुन्नरच्या इतर लेखांत इरिल, चिट, चंद अशी यवन दात्यांची नावे सापडतात. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी भोजनमंडप दिला. आणखी एका लेखात अदुथुम नावाचा शक आहे. त्याने वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तने वडाची झाडे लावण्यासाठी एका श्रेणीच्या स्वाधीन केली. श्रेणी म्हणजे कारागिरांची वा व्यापाऱ्यांची संघटना, आजच्या भाषेत पतपेढी आणि सोसायटी यांच्या मधली काहीतरी. बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचेही उल्लेख जुन्नरच्या लेखांत आहेत.

हे दाते परके होते की इथलेच झाले होते, हा वाद अभ्यासकांनी करावा. मला यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गेल्या काही वर्षांत जुन्नर-आंबेगाव भागात माझ्या ओळखीचे अनेक शिक्षक निवृत्त झाले, काही अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या घरी ताजियतीला गेलो की चाळिसाव्याच्या आतच एक प्रश्न ऐकू येतो, 'सरांनी काही लिहून ठेवलंय का?' बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असते. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासणाऱ्या माणसाच्या घरात त्याच्या मिळकतीविषयी एक पान सापडत नाही, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शकाने मात्र किती जमीन, कुठल्या गावात, कशासाठी आणि कोणाच्या ताब्यात हे दगडात कोरून ठेवलेले असते.

याच काळातला, याहून तपशीलवार लेख नाशिकला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात तो कोरवला. तीन हजार कार्षापणांची 'अक्षयनीवी' त्याने गोवर्धनच्या दोन विणकर श्रेणींकडे ठेवली. अक्षयनीवी म्हणजे न संपणारी मूळ ठेव. मुद्दल मोडायचे नाही, व्याजावर काम चालवायचे. दोन हजार कार्षापणांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारांवर शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी. आमच्या सातवीच्या वर्गात हे गणित घालता येईल. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस भिक्षू, बरोबर बारा. हिशेब चोख आहे. पण मला त्यापुढचे वाक्य जास्त महत्त्वाचे वाटते. हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि दफ्तरात रीतीप्रमाणे नोंदवले, असे तो लेख सांगतो. म्हणजे जाहीर करणे, लिहिणे, नोंदवणे या तिन्ही गोष्टी झाल्या होत्या.

वक्फची कल्पना याच्याशी किती जवळची आहे हे वेगळे सांगायला नको. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा त्यांनी रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा सल्ला घेतला आणि ती अशी राखून ठेवली की ती विकता येणार नाही, भेट देता येणार नाही, वारसात वाटली जाणार नाही. उत्पन्न मात्र गरीब, नातलग, मुसाफिर यांच्यासाठी खर्च होईल. मुद्दल गोठवायचे आणि फळ वाटायचे, हे तत्त्व तेच. हुगळीच्या हाजी मुहम्मद मोहसीन यांनी १८०६ मध्ये आपली मिळकत वक्फ केली. १८१२ मध्ये ते वारले. त्यांच्या त्या निधीतून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज उभे राहिले. पुढे १८७३ नंतर त्या पैशातून बंगालमधल्या मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिक्षणाला मदत होऊ लागली. मोहसीन यांना मूलबाळ नव्हते. ज्यांना आहे, त्यांचा प्रश्न अवघड असतो.

आपल्या भागात शिक्षकाच्या मिळकतीचा प्रश्न जुना आहे, फक्त तिचे रूप बदलले. निजामशाहीचे पहिले घर जुन्नर. तिथला काझी, मशिदीचा खतीब, मकतबात मुलांना अलिफ-बे शिकवणारा मुल्ला यांना रोख पगार क्वचितच मिळे. मिळे ती इनाम जमीन. निजामशाही गेली, मोगल आले, मराठे आले, तरी अशी इनामे पुष्कळ ठिकाणी नव्या सनदेने चालू राहिली. या जमिनीचा स्वभाव मात्र नीट समजून घेतला पाहिजे. ती माणसाला नव्हती, कामाला होती. अजान देणारा, दिवाबत्ती करणारा, शिकवणारा जो असेल तो ती खाईल. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्याने काम केले म्हणून ती त्या घराण्याला वडिलोपार्जित वाटू लागली. १९५२ च्या मुंबई वैयक्तिक इनाम निर्मूलन कायद्याने वैयक्तिक इनामे संपवली. देवस्थान इनामे, म्हणजे सातबारावर 'वर्ग ३' म्हणून दिसणाऱ्या मशीद-दर्ग्याच्या जमिनी, त्यातून वगळल्या. आजही कित्येक मुलाणी आणि मुजावर घरांत भाऊ-भाऊ या जमिनीच्या वाटणीवरून कोर्टात आहेत. जी जमीन मरहूम वडिलांच्या मालकीची नव्हतीच ती तरक्यात कशी येईल, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. तरका म्हणजे मृताने मागे ठेवलेली त्याची स्वतःची मिळकत.

आता खासगी मिळकतीकडे येऊ. इथे आपल्या समाजात एक गोड गैरसमज आहे. मुसलमानांची वाटणी कुरआनात ठरलेली आहे, मग लिहायचे कशाला? सूरह निसामध्ये हिस्से ठरलेले आहेत, हे खरेच. थोडे असो वा फार, पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, हे तिथे स्पष्ट आहे. पण गेल्या दोनशे वर्षांत या हिश्शांचे प्रत्यक्षात काय झाले ते पाहिले तर गैरसमज टिकत नाही.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने मुंबई इलाख्यासाठी १८२७ चे चौथे रेग्युलेशन केले. त्याच्या २६ व्या कलमात न्यायाधीशाने कोणता कायदा लावायचा याचा क्रम आहे. आधी पार्लमेंटचे आणि सरकारचे कायदे. ते नसतील तर त्या मुलखाची रूढी. रूढी नसेल तर प्रतिवादीचा कायदा, म्हणजे त्याचा धर्मशास्त्रीय कायदा. तोही नसेल तर न्याय, समता आणि सद्‌विवेक. म्हणजे शरीयत रूढीच्या मागे उभी राहिली. वीस वर्षांनी, १८४७ मध्ये, मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे वाटा मागितला. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी साक्षीपुरावे घेतले आणि निकाल दिला की या जमातींत मुलींना वाटा न देण्याची रूढी आहे आणि ती रूढीच चालेल. या जमाती व्यापारी, मुंबईच्या. आपल्या शेख, तांबोळी, मोमीन, बागवान घरांशी त्यांचा संबंध नव्हता. पण मुली हरल्या त्या मात्र शरीयतचा आधार घेऊनच हरल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१९३७ चा मुस्लिम व्यक्तिगत कायदा (शरीयत) लागूकरण अधिनियम झाला तो मुख्यतः ही रूढी हटवण्यासाठी. उलेमांचा त्याला पाठिंबा होता आणि मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांचाही होता. ही गोष्ट आज दोन्ही बाजूंचे लोक विसरतात. वारसा, मेहेर, हिबा, वक्फ या बाबतीत रूढी काहीही असो, शरीयत लागू होईल असे त्याचे दुसरे कलम म्हणते. मात्र त्या कलमात एक लहानसा शब्दसमूह आहे, शेतजमिनीचे प्रश्न वगळून. १९३५ च्या कायद्यानुसार शेतजमीन प्रांतांच्या अखत्यारीत होती, ही त्याची कायदेशीर बाजू. पंजाबातल्या बड्या जमीनदारांना मुलींना जमीन द्यायची नव्हती, ही दुसरी. मद्रासने १९४९ मध्ये ही सूट काढून टाकली, पुढे केरळनेही काढली. देशाच्या बहुतेक भागात ज्या समाजाची खरी संपत्ती जमीन होती त्याच्या मुलींना कायदा बैठकीच्या खोलीपर्यंत घेऊन आला आणि शेताच्या बांधावर थांबला.

महाराष्ट्रात याचा अर्थ मुलीला शेतीत हक्कच नाही असा नव्हे. विरुद्ध रूढी आहे असे जो म्हणतो त्याने ती पुराव्याने सिद्ध करायची असते, नाहीतर मुस्लिम कायद्याचेच हिस्से धरले जातात. जुन्नर-आंबेगावात अशी रूढी सिद्ध करायची वेळच सहसा येत नाही. त्याहून सोपी वाट आहे: हक्कसोडपत्र. वडील गेले की भाऊ तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज देतो. गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नावे येतात, बहिणींचीही येतात. मग ईदच्या आसपास एखाद्या दिवशी बहिणींना गाडी करून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते. सही, अंगठा, फोटो. येताना साडी, मुलांच्या हातात नोटा. 'माहेर तुटायला नको,' हे वाक्य दोन्ही बाजूंनी बोलले जाते. शेजारच्या हिंदू घरांतही याहून वेगळे काही घडत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केले, २००५ मध्ये ते देशभर झाले, तरी त्याच कचेरीच्या त्याच बाकावर त्याही बहिणी बसलेल्या दिसतात. या एका बाबतीत आमचा सर्वधर्मसमभाव पक्का आहे.

एके काळी कोरडवाहू जमिनीच्या दोन एकरांसाठी बहीण भांडत नसे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातले डिंभे, आणि जमिनीचा भाव बदलला. ऊस आला, द्राक्षे आली, नारायणगावचा टोमॅटो आला. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांचे वेगळे. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव हे नाव पडले ते जुने गावच डिंभे धरणात बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. भूसंपादनात नोटीस जाते ती सातबारावर नाव असलेल्याला. ज्या बहिणीचे नाव कमी झाले तिच्या घरी कोणी नोटीस घेऊन जात नाही. रस्त्यासाठी, प्रकल्पासाठी जमीन गेली आणि मोबदला आला की मग वीस वर्षांपूर्वीची ती सही आठवते आणि भाऊ-बहीण वकिलाच्या दारात भेटतात.

शिक्षकाच्या बाबतीत यात आणखी एक पदर आहे. मास्तरांची मिळकत अर्धी गावाकडच्या जमिनीत आणि अर्धी कागदात असते. भविष्य निर्वाह निधी, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, गटविमा, एलआयसी, पतसंस्थेतली ठेव, बँकेतली मुदत ठेव, मंचर किंवा नारायणगावातला एखादा फ्लॅट. खासगी शाळांतल्या शिक्षकांना उपदानाचा हक्क २००९ च्या दुरुस्तीने मिळाला आणि तो ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरला गेला. त्याआधी, २००४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या प्राथमिक शिक्षकांच्या प्रकरणात शिक्षक हा त्या कायद्याच्या व्याख्येतला 'कर्मचारी' नाही असे म्हटले होते. म्हणजे शिक्षकाच्या मागे उरणारी ही रक्कमसुद्धा लढून मिळालेली आहे.

या प्रत्येक कागदावर एक रकाना असतो, नामनिर्देशित व्यक्ती, नॉमिनी. नोकरीला लागलो तेव्हा कारकुनाने पुढे केलेल्या फॉर्मवर आपण तो भरला. लग्न झालेले नव्हते म्हणून वडिलांचे किंवा भावाचे नाव टाकले. तीस वर्षे उलटली. वडील वारले, लग्न झाले, मुली झाल्या, रकाना तसाच. आणि सर्वांत घट्ट बसलेला समज असा की नॉमिनी म्हणजे मालक.

हा समज न्यायालयांनी वारंवार खोडला आहे. विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे, पैसा वारसांचा. बँक ठेवीबाबत २०१० मध्ये तेच म्हटले. शेअर आणि म्युच्युअल फंडाविषयीचा वाद डिसेंबर २०२३ मध्ये संपला, आणि तो खटला मराठी घराला परका नाही. भिंतीवरच्या कालनिर्णयचे कर्ते जयंत साळगावकर यांच्या वारसांमधला तो खटला. त्यांनी मृत्युपत्र केलेले होते, तरी काही गुंतवणुकींच्या नामनिर्देशनावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निकाल असा, की नामनिर्देशनाने वारसा बदलत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते; त्यानेही हे तत्त्व बदललेले नाही.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या आहेत आणि त्या नीट ठाऊक असाव्यात. २०१५ च्या विमा दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणाला नॉमिनी केले असेल तर ती व्यक्ती लाभधारक धरली जाते, नुसता स्वीकारणारा हात नव्हे. आणि कुटुंब निवृत्तिवेतन हे तरक्यात येतच नाही. ते नियमाने ठरलेल्या व्यक्तीला मिळते, मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, असे १९९१ मध्ये व्हायोलेट आयझॅक प्रकरणात ठरले. त्यामुळे पेन्शनवर दिरांनी हिस्सा मागणे निरर्थक आहे. भविष्य निर्वाह निधीचे नियम आणखी वेगळे आहेत, ते आपापल्या योजनेचे वाचावेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नसल्याने त्यांच्या बाबतीत तर हे वाचन जास्तच गरजेचे.

मग लिहायचे काय? फराइजच्या शास्त्रात तरक्यावर चार हक्क क्रमाने येतात. आधी कफन-दफनाचा खर्च. मग कर्ज. मग वसीयत, एक तृतीयांशाच्या आत. उरेल ते वारसांचे. दुसऱ्या पायरीवर थोडे थांबले पाहिजे, कारण न दिलेला मेहेर हेही कर्जच आहे. निकाहनाम्यात लिहिलेली आणि चाळीस वर्षांत कधी न दिलेली रक्कम बायकोला आधी मिळाली पाहिजे, तिचा वारसा हिस्सा त्यानंतर आणि वेगळा. मयतीच्या खाटेजवळ 'मेहेर माफ कर' म्हणून त्या बाईकडून वदवून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ती ज्याने कोणी सुरू केली त्याने कर्जबुडव्यांवर मोठे उपकार केले.

समजा, सर्व देणी फिटून ४८ लाख उरले आणि मागे पत्नी, एक मुलगा, दोन मुली आहेत, आई-वडील नाहीत. पत्नीचा आठवा हिस्सा, ६ लाख. उरलेल्या ४२ लाखांचे चार भाग. दोन मुलाचे, एकेक मुलीचा. मुलगा २१, मुली साडेदहा-साडेदहा. इथे वसीयत नसली तरी हिशेब निघतो. प्रश्न मिळकत कुठे-कुठे आहे आणि देणे कोणाचे किती आहे हे माहीत नसण्याचा असतो. म्हणून पहिले पान वाटणीचे नसून यादीचे असायला हवे: खाते क्रमांक, पॉलिसी, पतसंस्थेचे कर्ज, ज्याला जामीन राहिलो तो, बहिणीकडून उसने घेतलेले सोने.

खरी अडचण येते ती ज्यांना हिस्सा नाही त्यांची. आपल्या घराघरांतला नमुना सांगतो. दोन मुलगे, पैकी थोरला बापाच्या आधी अपघातात गेला. त्याची बायको, दोन लेकरे आजोबांच्याच घरात. आजोबा वारले. हनफी कायद्याने धाकटा मुलगा हयात असताना नातवंडांना काहीही येत नाही. लोक याला शरीयतचा अन्याय म्हणतात, टीव्हीवर चर्चा होते. पण शरीयतने आजोबांच्या हातात एक तृतीयांशाची वसीयत दिलेली होती आणि नातू वारस नसल्याने ती त्याच्या नावे पूर्णपणे वैध होती. इजिप्तने १९४६ मध्ये कायदाच केला की आजोबांनी अशी वसीयत केली नसेल तर ती केली आहे असे धरायचे. पाकिस्तानने १९६१ मध्ये वेगळ्या वाटेने, नातवंडांना थेट वारस करून, तोच प्रश्न सोडवला. भारतात असा कायदा नाही. इथे सगळी मदार आजोबांच्या लेखणीवर आहे, आणि आजोबा मास्तर होते तरी त्यांनी लिहिलेले नाही.

दत्तक घेतलेल्या किंवा सांभाळलेल्या मुलाचेही हेच. आपल्याकडे दत्तकाला वारसा नाही, वसीयत आहे. महाराष्ट्राच्या सर्वांत थोर शिक्षकांपैकी एकाच्या घरातला प्रसंग इथे आठवतो. जोतीराव फुले यांचा जुन्नर तालुक्याशी जवळचा संबंध. ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी भटजीविना लग्ने लावली आणि त्यावरचा खटला हायकोर्टापर्यंत गेला, त्यामागे सत्यशोधकांचे बळ होते. याच जोतीरावांनी १८८७ मध्ये मृत्युपत्र करून नोंदवले आणि दत्तक मुलगा यशवंत याच्यासाठी तरतूद केली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरण्याच्या मानावरून भाऊबंदांनी यशवंतला हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी स्वतः ते हातात धरले. नातलग काय करतील याचा अंदाज त्या शिक्षक जोडप्याला तीन वर्षे आधी आला असावा, असे मला वाटते.

एक तृतीयांशाच्या मर्यादेवरून काही जण नाराज असतात. आपली कमाई आपण हवी तशी का देऊ नये? अण्णासाहेब कर्वे यांनी आपली ५,००० रुपयांची विमा पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली, त्याचे आपण कौतुक करतो. करावेच. पण हजरत साद बिन अबी वक्कास आजारपणात जवळजवळ सारी मिळकत दान करायला निघाले तेव्हा रसूलुल्लाहनी त्यांना तिसऱ्या हिश्शावर थांबवले आणि तोही पुष्कळ झाला असे सांगितले. घरच्यांना लोकांपुढे हात पसरायला लावून जाण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवणे बरे. संस्थेसाठी झिजलेल्या शिक्षकांच्या बायकांनी काय भोगले हे ज्याने पाहिले आहे त्याला या मर्यादेमागची माया कळेल. तिसऱ्या हिश्शात गावच्या उर्दू शाळेच्या वाचनालयाला काही देता येते, अनाथ नातवाला देता येते, सेवा केलेल्या सुनेला देता येते. वारसाला मात्र वसीयतीने जादा देता येत नाही, इतर वारसांनी मृत्यूनंतर संमती दिल्याशिवाय. 'सगळे धाकट्याच्या नावे' अशी मृत्युपत्रे आपल्या काही वकिलांनी हिंदू मृत्युपत्राच्या साच्यात टाइप करून ठेवली आहेत. ती कोर्टात टिकणे कठीण.

आणखी दोन वाटा लोक काढतात. एक हिबा, हयातीत दिलेली भेट. तिला देणे, घेणे आणि ताबा या तीन गोष्टी लागतात. कागद लागतोच असे नाही, २०११ मध्ये हाफिजा बीबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. पण ताबा हवाच. कपाटात ठेवलेला हिबानामा आणि शेत मात्र स्वतःच कसणारे वडील, असा हिबा मृत्यूनंतर भांडणाचेच कारण होतो. दुसरी वाट वक्फ-अलल-औलाद, म्हणजे स्वतःच्या वंशासाठी वक्फ. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अबुल फता प्रकरणात अशा वक्फांना दानधर्माचा नुसता मुलामा ठरवून रद्द केले. १९१३ मध्ये जिनांनी मांडलेल्या कायद्याने ते पुन्हा वैध झाले. या वाटेने मुलींना वगळल्याची उदाहरणे कमी नाहीत. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यातील बऱ्याच तरतुदींवर वाद आहेत आणि ते न्यायालयात आहेत; मात्र वक्फ-अलल-औलादमुळे स्त्रियांसह कोणत्याही वारसाचा हक्क डावलला जाऊ नये, हे त्यातले कलम माझ्या मते सूरह निसाच्या विरुद्ध नाही.

जुन्नर हे कागदाचे गाव होते. इथले कागदी मुसलमान हातकागद बनवत, आणि जुन्नरी कागद दफ्तरांसाठी नावाजलेला होता. आज वसीयतीला स्टँपपेपर लागत नाही. मुस्लिम वसीयत तोंडीसुद्धा चालते. लेखी असेल तर साधा कागद पुरतो, नोंदणी सक्तीची नाही. तरीही ती लेखी असावी, दोन साक्षीदार असावेत, त्यांत वाटा असलेला कोणी नसावा, आणि नोंदणी केली तर उत्तम. ज्याच्यापाशी वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने ती उशाशी लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्री काढू नयेत, अशा अर्थाची हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांना वेळ असतो. आधी प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन तपासावे. मग निकाहनामा काढून मेहेराची रक्कम पाहावी आणि हयातीतच देऊन टाकावी, पावतीसह. गावाकडचा सातबारा आणि फेरफार काढावा, वडिलांच्या वेळी बहिणींचे नाव कमी झाले असेल तर ते कसे झाले हे बहिणींनाच विचारावे. वसीयतीच्या दोन प्रती कराव्यात. एक कपाटात, आणि दुसरी मुलाकडे न देता थोरल्या मुलीच्या सासरी ठेवायला द्यावी.